एकाच मतपत्रिकेवर दोन पक्ष : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात अमेरिकेतील ग्रामीण मतदारांविषयी लिहिताना मेन राज्याच्या दुसऱ्या मतदारसंघाचा उल्लेख आम्ही एका वाक्यात उरकला होता. तेथील मतदार अध्यक्षपदासाठी रिपब्लिकन डोनाल्ड ट्रम्प यांना आणि प्रतिनिधिगृहासाठी (अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहासाठी) डेमोक्रॅट जेरेड गोल्डन यांना कौल देत आले आहेत, त्यांची निष्ठा बदलली आहे, एवढेच त्या वाक्यात होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न निवडून त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

अमेरिकेच्या निकालाच्या नकाशात प्रत्येक राज्याला एकच रंग असतो. मेनला मात्र दोन रंग दिसले, ते कसे? आणि हा मतदारसंघ आहे तरी केवढा? (एक वाचक, नांदेड)

मेन हे अमेरिकेच्या ईशान्य टोकाचे, कॅनडाच्या कुशीत शिरलेले राज्य आहे. लोकसंख्या साडेतेरा लाखांच्या आसपास असल्यामुळे ४३५ जणांच्या प्रतिनिधिगृहात त्याच्या वाट्याला दोनच जागा येतात. पोर्टलंड शहर आणि त्याच्या परिसरातील दाट वस्तीचा दक्षिण किनारा हा पहिला मतदारसंघ आणि उरलेला जवळजवळ सगळा मुलूख हा दुसरा. राज्याच्या भूमीपैकी सुमारे ८० टक्के भाग या दुसऱ्या मतदारसंघात मोडतो आणि मिसिसिपी नदीच्या पूर्वेला एवढा विस्तीर्ण मतदारसंघ दुसरा नाही. आपण नांदेडहून लिहीत आहात म्हणून सांगतो, आकाराने तो मराठवाड्याहून किंचित मोठाच भरेल. फरक इतकाच की मराठवाडा आठ खासदार निवडतो आणि तेथे सात लाखांहून कमी लोकांमागे एकच प्रतिनिधी असतो. उत्तरेला अरुस्टुक काउंटीची (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) बटाट्याची शेते, मध्यभागी जंगल आणि नद्यांकाठच्या कागद गिरण्यांची गावे, पूर्वेला ब्लूबेरीची माळराने आणि मासेमारीची बंदरे, दक्षिणेला लुइस्टन आणि ऑबर्न ही जुनी कापड आणि जोड्यांच्या कारखान्यांची जोडशहरे, आणि या सगळ्यांच्या मध्ये रुग्णालये आणि विद्यापीठ यांच्या आधाराने तगलेले बँगोर, असा हा मिश्र प्रदेश आहे.

नकाशातील दोन रंगांचे कारण निर्वाचक मतांच्या, म्हणजे अध्यक्ष प्रत्यक्षात ज्यांवर ठरतो त्या राज्यांना वाटून दिलेल्या मतांच्या, नियमात आहे. बहुतेक राज्यांत जिंकणाऱ्या उमेदवाराला राज्याची सर्व निर्वाचक मते मिळतात. मेनने मात्र १९७२ पासून आपल्या चार मतांपैकी दोन संपूर्ण राज्याच्या निकालावर आणि एकेक मत प्रत्येक मतदारसंघाच्या निकालावर देण्याची पद्धत स्वीकारली आहे. नेब्रास्काने १९९२ पासून तीच वाट धरली. चार दशके हा नियम असून नसल्यासारखा होता, कारण दोन्ही मतदारसंघ दर वेळी एकाच उमेदवाराकडे झुकत. २०१६ मध्ये ते प्रथमच वेगळे झाले. २०१२ साली डेमोक्रॅट बराक ओबामांना सुमारे साडेआठ टक्क्यांची आघाडी देणाऱ्या दुसऱ्या मतदारसंघाने चारच वर्षांनी ट्रम्प यांना दहा टक्क्यांच्या आसपास आघाडी दिली. २०२० मध्ये ही आघाडी सात टक्क्यांवर आली आणि २०२४ मध्ये पुन्हा नऊच्या घरात गेली.

माझे वडील गिरणी कामगार होते. लाल बावट्याचे गिरणगाव शिवसेनेकडे गेलेले आम्ही पाहिले. मेनच्या गिरण्यांतही तसेच घडले का? (एक वाचक, लालबाग, मुंबई)

आपली तुलना एका बाजूने बरोबर आणि दुसऱ्या बाजूने उलटी आहे. परळच्या १९७० च्या पोटनिवडणुकीत शिवसेना जिंकली तेव्हा गिरण्यांचे भोंगे वाजत होते. म्हणजे गिरणगावाची निष्ठा कारखाने चालू असतानाच हलू लागली होती. मेनमध्ये कारखाने आधी गेले आणि मते नंतर, तीही बऱ्याच नंतर गेली. हा मधला काळ समजून घेतल्याखेरीज २०१६ चा निकाल उलगडत नाही, असे आम्हांस वाटते.

मेन पूर्वापार डेमोक्रॅटिक नव्हते हे प्रथम सांगावयास हवे. १९३६ साली फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या विरोधात जाणारी राज्ये देशात दोनच होती, मेन आणि व्हरमाँट. येथील जुने प्रोटेस्टंट शेतकरी आणि व्यापारी पक्के रिपब्लिकन असत. डेमोक्रॅटिक पक्षाला पाय रोवता आले ते नदीकाठच्या गिरणी-गावांत, क्वेबेकहून आलेल्या फ्रेंचभाषक कॅथलिक कामगारांच्या, आयरिशांच्या आणि पोलिशांच्या वस्तीत. १९५४ मध्ये गव्हर्नर म्हणून निवडून आलेले एडमंड मस्की हे रमफर्ड या कागद गिरणीच्या गावातील एका पोलिश शिंप्याचे चिरंजीव. पुढे सिनेटर म्हणून १९७२ च्या जलप्रदूषणविरोधी कायद्याचे तेच मुख्य शिल्पकार ठरले आणि ज्या अँड्रोस्कॉगिन नदीच्या काठी ते वाढले ती गिरण्यांच्या मळीने काळवंडलेली नदी त्या कायद्यामुळे हळूहळू निवळली. गिरणीचे गाव आणि पर्यावरणाचा कायदा हे दोन्ही एकाच माणसाच्या नावाशी सुखाने नांदू शकत होते, तो काळ होता.

या गावांत पक्ष म्हणजे कार्यालय किंवा जाहीरनामा नव्हे. युनियनचे सभागृह, कॅथलिक चर्च आणि गिरणीची पाळी या तीन ठिकाणी माणसे रोज भेटत आणि मत कोणाला द्यायचे हे तेथेच ठरून जाई. मिलिनॉकेटच्या परिसरात तर ‘ग्रेट नॉर्दर्न पेपर’ ही कंपनीच गाव होती. २००३ ते २०१५ या काळात मतदारसंघाचे प्रतिनिधी असलेले माइक मिशू याच कंपनीच्या ईस्ट मिलिनॉकेट येथील गिरणीत जवळपास तीन दशके कामाला होते; त्यांच्या आधी त्यांचे वडील आणि आजोबाही गिरणीतच होते.

यातील एकेक खांब केव्हा पडला ते पाहा. ‘जे’ नावाच्या गावातील इंटरनॅशनल पेपर कंपनीच्या गिरणीत १९८७ च्या जूनमध्ये सुमारे बाराशे कामगारांनी संप पुकारला. कंपनीने त्यांच्या जागी कायमस्वरूपी नवे कामगार घेतले आणि सोळा महिन्यांनी संप फसला. दत्ता सामंतांचा संप ज्यांनी घरात अनुभवला त्यांना यापुढचे सांगण्याची गरज नाही. त्या गावात संपकरी आणि त्यांच्या जागेवर बसलेले यांच्यातील वैर पुढे कित्येक वर्षे टिकून राहिले. १९९४ पासून उत्तर अमेरिकेतील मुक्त व्यापाराचा ‘नाफ्टा’ करार अमलात आला आणि तो अमलात आणणाऱ्या कायद्यावर सही डेमोक्रॅटिक अध्यक्ष बिल क्लिंटन यांची होती. जोड्यांचे कारखाने एकामागून एक बंद झाले. डेक्स्टर गावातील प्रसिद्ध ‘डेक्स्टर शू’ ही कंपनी प्रसिद्ध गुंतवणूकदार वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने १९९३ मध्ये विकत घेतली आणि दहा वर्षांच्या आतच तेथील उत्पादन थांबले. हा आपल्या आयुष्यातील सर्वांत वाईट सौदा असल्याचे बफे यांनी पुढे कबूल केले. अर्थात सौदा फसल्याचा पश्चात्ताप आणि पगार बंद होणे या एकाच मापाने मोजण्याच्या गोष्टी नव्हेत. मिलिनॉकेटची गिरणी २००८ मध्ये, ईस्ट मिलिनॉकेट आणि बक्सपोर्ट येथील गिरण्या २०१४ मध्ये, तर ‘जे’ गावची गिरणी २०२३ मध्ये बंद पडली.

आता मुद्दा असा की २००८ आणि २०१२ या दोन्ही वर्षी मतदारसंघ ओबामांच्या बाजूने होता. अगदी तेव्हाही चिरा दिसत होत्याच. २००८ मध्ये साऱ्या न्यू इंग्लंडमध्ये (मेनसह ईशान्येकडील सहा राज्यांत) रिपब्लिकन उमेदवार जॉन मकेन यांनी जिंकलेली एकमेव काउंटी पिस्काटाक्विस ही याच मतदारसंघातील. परंतु एकंदरीत पाहता सवय टिकून होती. गिरणीचे निवृत्तिवेतन मिळणारा, युनियनचे जुने कार्ड जपून ठेवणारा मतदार जोवर होता तोवर ती टिकली. त्याची मुले बांधकामावर किंवा लाकडाच्या ट्रकवर जाऊ लागली, अथवा गाव सोडून दक्षिणेला गेली. त्यांना कोणत्याही सभागृहात कोणीही भेटत नव्हते. अशा वेळी व्यापार करारांना जाहीरपणे शिव्या घालणारा उमेदवार रिपब्लिकन पक्षाकडून आला, ही त्या पक्षाच्या अलीकडच्या इतिहासातील विपरीत गोष्टच म्हणावी लागेल, कारण आधीच्या काही दशकांत मुक्त व्यापाराचा कैवार त्याच पक्षाने अधिक घेतला होता.

येथे एक पुस्ती जोडणे आवश्यक आहे. कागद गिरण्या केवळ परदेशी स्पर्धेमुळे बुडाल्या नाहीत. मेनच्या गिरण्या वर्तमानपत्रांचा, मासिकांचा आणि मालसूचींचा कागद करीत आणि इंटरनेट आल्यावर त्या कागदाची मागणीच आटली. त्यातच यंत्रे जुनी, वीज महाग. मतदारांना हे कळत नव्हते असे नाही. परंतु मागणी आटली या उत्तराला कोणी दोषी नसतो आणि करार या उत्तराला सही करणाऱ्याचे नाव असते.

निष्ठा बदलली असे म्हणावे, तर गोल्डन पुन्हापुन्हा कसे निवडून येतात? हे मतदार नेमके कोणाचे? (एक वाचक, पुणे)

‘निष्ठा’ हा शब्द गेल्या अंकात आम्हीच वापरला आणि तो पुरेसा विचार करून वापरला नाही, हे मान्य केले पाहिजे. गिरण्या पूर्ण जोरात चालू असतानाही याच मतदारसंघाने १९७३ पासून १९९५ पर्यंत सलग बावीस वर्षे रिपब्लिकन प्रतिनिधी निवडले. प्रथम विल्यम कोहेन आणि त्यांच्यानंतर ऑलिंपिया स्नो. दोघेही पुढे सिनेटर झाले. १९९२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत अपक्ष रॉस पेरो यांनी मेनमध्ये ३० टक्क्यांहून अधिक मते मिळवून विद्यमान अध्यक्ष थोरले बुश यांना तिसऱ्या क्रमांकावर ढकलले, आणि पेरो यांच्या प्रमुख मुद्द्यांपैकी एक नाफ्टाला विरोध हा होता. राज्याने १९७४ मध्ये जेम्स लाँगली आणि १९९४ व १९९८ मध्ये अँगस किंग असे अपक्ष गव्हर्नरही निवडले. तेव्हा येथील मतदार पक्षाशी बांधलेला आणि मग अचानक सुटलेला असा कधीच नव्हता. तो आपले गाव, आपला धंदा आणि ओळखीचा माणूस यांच्याशी बांधलेला होता. राष्ट्रीय पक्ष त्या तिन्हींपासून दूर गेले, तसतसे अध्यक्षपदाचे मत आणि स्थानिक मत यांत अंतर पडत गेले.

बाहेरून येणाऱ्याला तेथे ‘फ्रॉम अवे’ म्हणतात. आपल्याकडच्या ‘उपरा’ या शब्दाला जी धार आहे तीच त्याला आहे. गोल्डन यांच्या बाबतीत तो शब्द वापरता येत नव्हता. ते याच भागात वाढले, अफगाणिस्तान आणि इराकमध्ये मरीन सैनिक म्हणून लढले आणि परतल्यावर शिकून काही काळ रिपब्लिकन सिनेटर सुझन कॉलिन्स यांच्या कार्यालयातही काम करून आले. त्यांचे मतदान पाहिले तर पक्षाला ते सतत अडचणीचे वाटावेत असेच आहे. ट्रम्प यांच्यावरील २०१९ च्या महाभियोगात त्यांनी दोन कलमांपैकी एकाला होकार आणि दुसऱ्याला नकार दिला. २०२१ मध्ये अध्यक्ष बायडन यांच्या मोठ्या सामाजिक खर्चाच्या विधेयकाविरुद्ध प्रतिनिधिगृहात मत देणारे ते एकटेच डेमोक्रॅट होते. २०२५ मध्ये सर्व आयातीवर दहा टक्के शुल्क लावण्याचे विधेयक त्यांनी स्वतःच मांडले.

तरीही केवळ मधली रेघ धरून चालणारा राजकारणी असे त्यांचे वर्णन करणे अन्यायाचे होईल. २५ ऑक्टोबर २०२३ रोजी लुइस्टनमध्ये एका बंदूकधाऱ्याने १८ जणांना ठार केले. गोल्डन तोवर लष्करी धाटणीच्या रायफलींवरील बंदीच्या विरोधात होते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपली भूमिका चुकली असे सांगितले, बंदीला पाठिंबा दिला आणि लोकांची क्षमा मागितली. या मतदारसंघात हरिण आणि मूस नावाचे महाकाय हरिण यांची शिकार हा श्रीमंतांचा शौक नसून शीतपेटी भरण्याचा मार्ग आहे. अस्वलाला शिळ्या डोनटचे आमिष लावून मारण्यावर बंदी आणण्याचा प्रस्ताव २००४ आणि २०१४ मध्ये राज्याच्या सार्वमतात दोनदा पडला आणि बंदूक खरेदीपूर्व तपासणीचा प्रस्तावही २०१६ मध्ये फेटाळला गेला. अशा ठिकाणी त्या माफीची किंमत फार मोठी असणार असे सर्वांना वाटले होते. २०२४ मध्ये रिपब्लिकन उमेदवार, माजी मोटारशर्यतपटू ऑस्टिन टेरियो यांच्यापुढे गोल्डन तीन हजारांहून कमी मतांनी जिंकले. म्हणजे किंमत द्यावी लागली, पण जागा गेली नाही. ट्रम्प यांनी जिंकलेल्या मतदारसंघांतून त्या वर्षी १३ डेमोक्रॅट निवडून आले आणि त्या तेरांत ट्रम्प यांच्याकडे सर्वाधिक झुकलेला मतदारसंघ हाच होता.

ही विभागणी एकाच दिशेची नसते हेही लक्षात घ्यावे. २०२० मध्ये राज्याने अध्यक्षपदासाठी बायडन यांना स्पष्ट आघाडी दिली आणि त्याच दिवशी रिपब्लिकन कॉलिन्स यांनाही सिनेटवर पाठवले.

गोल्डन २०१८ मध्ये पहिल्या मोजणीत मागे होते आणि तरी विजयी झाले, असे वाचले. हा गैरप्रकार नव्हे काय? (एक शिक्षिका, कोल्हापूर)

आपण शिक्षिका आहात, तेव्हा विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात मतपत्रिकेवर उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम आपण लिहिले असतील. मेनमधील पद्धत जवळजवळ तशीच आहे. पहिल्या पसंतीची निम्म्याहून अधिक मते कोणालाच न मिळाल्यास तळाच्या उमेदवारांना बाद करून त्यांची मते पुढच्या पसंतीनुसार वाटली जातात. २०१८ मध्ये विद्यमान रिपब्लिकन प्रतिनिधी ब्रूस पोलिक्विन दोन हजारांहून थोड्या अधिक मतांनी पुढे होते, पण दोन अपक्षांची मते वाटल्यावर गोल्डन साधारण साडेतीन हजारांनी पुढे गेले. संघीय पातळीवरील जागा या पद्धतीने ठरल्याची अमेरिकेतील ती पहिली वेळ होती. पोलिक्विन न्यायालयात गेले. संघीय न्यायाधीशांनी त्यांचा दावा फेटाळला.

ही पद्धत आली कशी, हेही पाहण्यासारखे आहे. अपक्षांची परंपरा असल्यामुळे मेनमध्ये तिरंगी लढती नित्याच्या होत आणि २०१० मध्ये पॉल लपेज केवळ ३८ टक्क्यांच्या आतबाहेर मते घेऊन गव्हर्नर झाले होते. त्यानंतर २०१६ च्या सार्वमतात लोकांनी पसंतीक्रमाची पद्धत स्वीकारली. पक्षाबाहेर राहण्याची सवय मोडू नये आणि तिचा तोटाही होऊ नये, अशी ही तडजोड होती.

लुइस्टनमध्ये सोमाली निर्वासित मोठ्या संख्येने आले. मतबदलाचे खरे कारण तेच नाही का? (एक वाचक, न्यू जर्सी)

कारणांपैकी एक म्हणता येईल, मुख्य म्हणता येणार नाही. सोमाली कुटुंबे २००१ पासून लुइस्टनमध्ये येऊ लागली. २००२ मध्ये महापौरांनी पत्र लिहून त्यांना येण्याचा वेग कमी करण्याची विनंती केली, तेव्हा मोठा गहजब झाला. पुढच्या जानेवारीत गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या सभेला मूठभर माणसे जमली आणि तिच्या निषेधाच्या सभेला हजारो. ज्या रस्त्यावर एकेकाळी फ्रेंच कानी पडे तेथे सोमाली दुकाने उघडली. शतकापूर्वी क्वेबेकहून आलेल्यांना हेच शहर कोणत्या नजरेने पाहत होते, हे त्यांच्या नातवंडांपैकी काहींना आठवते आणि काहींना आठवत नाही.

परंतु ट्रम्प यांच्याकडे मोठी वळणे घेतलेल्या भागांकडे पाहा. अरुस्टुक काउंटी, जेथे बटाटे काढणीसाठी शाळांना सुट्टी देण्याची जुनी रीत आहे, ती दोनदा ओबामांकडे गेली होती. २०१६ पासून तीनही वेळा ती ट्रम्प यांच्याकडे गेली. सोमाली वस्ती तेथून शेकडो किलोमीटर दूर आहे. दूरदर्शनवर दिसणारे स्थलांतर आणि शेजारी राहणारे स्थलांतरित यांचा मतांवर होणारा परिणाम सारखा नसतो, इतकेच आम्ही म्हणू.

कोळी समाज कोणाच्या बाजूने असतो? (एक वाचक, रत्नागिरी)

तेथील मासेमारी म्हणजे प्रामुख्याने लॉबस्टर, आपल्या भाषेत शेवंड. स्टोनिंग्टन हे राज्यातील शेवंडाचे आघाडीचे बंदर याच मतदारसंघात आहे. परवाना ज्याच्या नावावर त्यानेच होडीवर असले पाहिजे असा नियम असल्यामुळे मोठ्या कंपन्यांचे ताफे तेथे नाहीत. प्रत्येक होडी हा एका घराचा धंदा आहे. दोरांत अडकून मरणाऱ्या राइट व्हेल जातीच्या दुर्मीळ देवमाशांसाठी संघीय खात्याने निर्बंध आणले, तेव्हा मेनमधील दोन्ही पक्षांचे आणि अपक्ष असे चारही लोकप्रतिनिधी एकजुटीने मच्छीमारांच्या बाजूने उभे राहिले आणि २०२२ च्या अखेरीस नव्या निर्बंधांना सहा वर्षांची मुदत मिळवून दिली. त्यामुळे वॉशिंग्टनवरचा राग मतपेटीत उतरला, तरी तो त्या प्रश्नावर स्थानिक डेमोक्रॅटविरुद्ध वळला नाही.

२०२६ मध्ये काय होईल? (अनेक वाचक)

भाकीत करण्याचा मोह टाळतो. मैदान कसे बदलले ते मात्र सांगता येते. नोव्हेंबर २०२५ मध्ये गोल्डन यांनी पुन्हा उभे न राहण्याचे जाहीर केले. त्याआधीच पक्षांतर्गत उमेदवारीसाठी त्यांच्यासमोर मॅट डनलॅप उतरले होते, ज्यांच्या देखरेखीखाली २०१८ ची पसंतीक्रमाची ती ऐतिहासिक मोजणी झाली होती. रिपब्लिकनांकडून माजी गव्हर्नर पॉल लपेज यांनी दावा सांगितला आहे. ते लुइस्टनच्या गरीब फ्रेंचभाषक घरातील अठरा भावंडांपैकी थोरले. अकराव्या वर्षी त्यांनी घर सोडले होते. मस्कींच्या काळी त्या वस्तीतला असा मुलगा डेमोक्रॅट होणार हे न विचारताच गृहीत धरले गेले असते. ट्रम्प यांना मत देऊन खालच्या ओळीत गोल्डन यांच्या नावापुढे खूण करणाऱ्या मतदारांना त्या ओळीत आता दुसरे नाव वाचावे लागेल, आणि त्यांच्यापैकी किती जण त्या नावापाशी थांबतात यावर ही जागा अवलंबून आहे.